बैल पुढे की मागे?

इटलीतल्या मोडेना शहरी आमचा पुतण्या मोटारींचे शिक्षण घेतो. "त्याला चार शब्द सांगून घरी आण," असे दादांनी निघताना मला बजावले होते.

पण सांगायला सवड कुठली? सकाळी स्वारीने मारानेल्लोला नेऊन १९६८ ची फेरारी डेटोना दाखवली. लांबलचक नाकाखाली ४३९० सी.सी.चे बारा सिलिंडरांचे इंजिन. म्हणजे बैल गाडीच्या पुढे! दुपारी सांत आगाता. तिथे ट्रॅक्टरवाल्या लाम्बोर्गिनींची १९६६ ची मिउरा, जेमतेम कमरेएवढी उंच. तिलाही सिलिंडर बाराच, ३९२९ सी.सी.चे, पण आडवे, बसणाराच्या पाठीशी.

"काका, लांबच्या प्रवासाला डेटोना, डोळे भरून पाहायला मिउरा. शौकीन दोन्ही जपतात. आणि हिचा आकार रेखणारे गांदिनी तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते."

पुतण्या चोविसाचा. मी काय सांगणार?

रात्री दादांना फोन केला. "दादा, बैल मागे जुंपूनही गाडी धावते, हे आज पाहिले. दोन वर्षे राहू द्या त्याला."

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "जेवतो ना रे तो वेळेवर?"