चारकोपची पद्मिनी आणि तिच्या पोटातली जाळी

मुंबई बघायला निघालेला पाहुणा गेटवेला जातो, राणीच्या बागेत जातो, फार तर गोराईच्या बोटीत बसतो. चारकोपला मुद्दाम कुणी जात नाही. पण आज आपण तिथेच जाऊ या. कशासाठी? एक मोटार बघायला! आणि मोटारीचाही रंग किंवा चाकं नाही बघायची. बघायचा तिच्या पोटाखालचा एक डबा.

कांदिवली स्टेशनला पश्चिमेकडे उतरलं, की रिक्षावाले ‘चारकोप, चारकोप’ असा पुकारा करत असतात. मेट्रोने आलात तर डहाणूकरवाडीला उतरा. ही मेट्रो एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या गाड्यांची कारशेड चारकोपलाच आहे. आणखी पश्चिमेला गेलं की खारफुटी आणि त्यापलीकडे खाडी.

चारकोपचं जुनं गावठाण आहेच. पण आज दिसतात ते सेक्टर वसले १९८५ नंतर. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे एक वेगळाच प्रयोग केला. तयार घरं न देता आखलेले छोटे भूखंड, रस्ते, पाणी आणि गटारं दिली आणि सांगितलं, आता घर तुम्ही बांधा! साधारण पस्तीस कुटुंबांची एक सोसायटी, मध्ये मोकळा चौक. बैठ्या घरांवर हळूहळू मजले चढले. घरं एकमेकांना इतकी चिकटून, की एका घरात फोडणी पडली की चौथ्या घरातला शिंकतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अशाच एका गल्लीत मी ती मोटार पाहिली. प्रीमियर पद्मिनी, १९९६ सालची, दुधी रंगाची. पद्मिनी अस्सल मुंबईकर! मूळ इटलीच्या फियाटचं रूप, पण घडली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या वर्षानुवर्षं हीच गाडी होती. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता उरल्या आहेत त्या हौसेने जपलेल्या.

या गाडीचे मालक निवृत्त आजोबा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. यंदा पुन्हा पाळी आली, तेव्हा आजोबांनी ठरवलं की गाडी अगदी मूळच्यासारखी करायची. रंग झाला, सीटा झाल्या, क्रोमचे बंपर चकाकले. मग मिस्त्रीकाका गाडीखाली शिरले, मधल्या डब्यावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, ‘‘आजोबा, हा डबा रिकामा आहे. आतली जाळी कुणीतरी काढलीय.’’

कसली जाळी? तिची गोष्ट थेट अमेरिकेपर्यंत जाते.

लॉस एंजलिस शहरावर १९४० च्या दशकात धुरकं दाटू लागलं. डोळे चुरचुरत, घसा खवखवे. हागेन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ तेव्हा चक्क अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. तीच पद्धत त्यांनी शहरातल्या हवेला लावली आणि दाखवून दिलं, की मोटारींच्या धुरातले अर्धवट जळलेल्या पेट्रोलचे अंश उन्हात इतर वायूंशी मिसळून हे धुरकं बनवतात. पुढे उपाय निघाला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. चिनी मातीसारख्या पदार्थाची ठोकळ्याएवढी जाळी, मधमाशांच्या पोळ्यासारखी. तिच्या हजारो भोकांना आतून प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ लेप. तापलेला धूर त्यातून गेला, की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि न जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई इथे विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच्याबरोबर शिसं नसलेलं पेट्रोलही आलं. कारण शिशाचा थर बसला की लेप निकामी! पण शिसंवालं पेट्रोल देशातून पूर्ण गेलं ते फेब्रुवारी २००० मध्ये. मधल्या काळात कुणी चुकीच्या पंपावर टाकी भरली, तर जाळीची वाट लागायची. जाळी तुंबली की गाडी ओढेना. मग ‘काढून टाका, पिकअप वाढेल’ असा सल्ला मिळायचा. छिन्नी-हातोडीने जाळी फोडायची आणि डबा पुन्हा बसवायचा. बाहेरून काही कळत नसे.

‘‘मग आता?’’ आजोबांनी विचारलं.

‘‘आता काही नाही,’’ मिस्त्रीकाका हसले. ‘‘कार्बोरेटर नीट लावला की पीयूसी मिळेल. एवढ्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. नव्या गाड्यांसारखं कडक नाही. कशाला उगाच खर्च?’’

खरंच होतं ते. पीयूसीची मर्यादा आडवी येत नव्हती. डबा रिकामा राहिला असता तरी कागद मिळाला असता. आजोबा गप्प झाले. तेवढ्यात त्यांची सातवीतली नात म्हणाली, ‘‘पण आजोबा, सकाळी तुम्ही गाडी सुरू करता तेव्हा धूर सगळा चौकातच येतो. आम्ही तिथेच खेळतो ना!’’

मिस्त्रीकाकांनी फडक्याला हात पुसले. ‘‘मूळची गाडी म्हणता ना? मग मूळची गाडी जाळीसकट होती,’’ ते म्हणाले.

कामाला लागले. मूळचा सुटा भाग आता कुठून मिळणार? म्हणून जुनाच डबा कापला, त्याच मापाची नवी जाळी आत बसवली आणि डबा वेल्डिंग करून बंद केला. पण त्याआधी महत्त्वाची कामं होती. इंजिनातली वाफ एअर फिल्टरकडे नेणारी रबरी नळी तडकली होती, ती बदलली. प्लग साफ केले, स्पार्कचं टायमिंग लावलं, कार्बोरेटरमधलं पेट्रोल आणि हवेचं प्रमाण जुळवलं. ‘‘इंजिनच जास्त पेट्रोल ओकत असेल, तर नवी जाळीसुद्धा जळून जाईल,’’ मिस्त्रीकाकांनी नातीला समजावलं. ‘‘आधी स्वयंपाक नीट, मग चिमणी!’’

जाळीची एक खोड आहे. ती चांगली तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून सकाळची पहिली काही मिनिटं धूर येणारच. त्यावर नातीने तोडगा काढला. आजोबा आता गाडी चौकाच्या तोंडाशी उभी करून ठेवत नाहीत, मोठ्या रस्त्याच्या बाजूला ठेवतात. पीयूसीच्या पावतीवरचा आकडाही आधीपेक्षा बराच खाली आला.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक चकाकते बंपर बघतात. गाडीखाली वाकून कुणीच बघत नाही. गाडीतल्या बऱ्याच वस्तू बसणाऱ्यासाठी असतात. ही वस्तू मात्र मागून चालणाऱ्यासाठी असते.

तुमच्या घरी गाडी किंवा स्कूटर आहे ना? पुढच्या वेळी पीयूसीला जाताना बाबांबरोबर किंवा आईबरोबर जा. पावती नुसती घडी करून ठेवू नका, तिच्यावरचे आकडे वाचा. गेल्या वेळेपेक्षा वाढले असतील, तर का वाढले ते मिस्त्रीकाकांना विचारा. ते नक्की सांगतील!