काळीज

संस्कृतातले 'कालेय' म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानातली 'कलेजी'ही यकृतच. मराठी काळीज मात्र तुटते, धडधडते. यकृत निबर झालेल्या आमच्या काकांना रक्ताची उलटी झाली आणि डॉक्टरांनी एन्डोस्कोपीनंतर हृदयाची सोनोग्राफी सांगितली, तेव्हा हा भाषेचाच घोळ रुग्णालयात शिरला की काय, असे आम्हांस वाटले.

तसे नव्हते. सिऱ्होसिसमध्ये शरीरातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. हृदय नेहमीपेक्षा अधिक रक्त फेकते, म्हणून निजलेल्या माणसात ते धडधाकट दिसते. रक्तस्रावाचा ताण आला की गाठीला काही नाही हे उघडे पडते. म्हणून पडद्यावर आकुंचनाइतकेच प्रसरणही पाहतात: दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय किती सैल होते ते. ते बिघडलेल्यांना मृत्यूचा धोका अधिक, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. याचे निकष २००५ साली माँट्रियलला ठरले, २०२० साली नवे आले. हृदय तेच, वाचन निराळे. (समीक्षेच्या विद्यार्थ्यांना यात नवल नसावे.)

काकांच्या अहवालातला आकडा वाईट होता. असा आकडा शंभर जणांविषयी बोलतो, एकाविषयी नाही. काकूंनी विचारले ते एकाविषयीच. आम्ही अहवालाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.