टेबलाच्या मधोमध

'सेंटरपीस' हा शब्द आता मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. जेवणाच्या टेबलाच्या मधोमध शोभेसाठी ठेवलेली वस्तू, मग ती फुलदाणी असो, फळांची परडी असो की मेणबत्त्यांचा स्टँड, हा त्याचा साधा अर्थ. पुढे तो वस्तूपुरता राहिला नाही. एखाद्या प्रदर्शनातला किंवा योजनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजेही सेंटरपीसच.

आपल्या पंगतीत अशा वस्तूला जागाच नव्हती. समोरासमोरच्या दोन रांगांमधली वाट वाढणाऱ्यांसाठी मोकळी असायची. शोभा असायची ती ताटाभोवतीच्या रांगोळीची. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, उजवीकडे भाजी आणि मधोमध वरणभाताची मूद! घरात टेबल आले आणि मधल्या रिकाम्या जागेत काय ठेवायचे, हा प्रश्नही आला.

पुण्यातील एका घरात सासरे गेले. जेवताना सासूबाईंच्या अगदी समोर त्यांची खुर्ची असे. ती रिकामी दिसू नये म्हणून सुनेने टेबलावर निशिगंधाची उंच फुलदाणी ठेवली. हेतू चांगलाच होता. पण हळूहळू जेवताना गप्पाच होईनाशा झाल्या. खुर्चीशेजारी बसणारा नातूही मान खाली घालून जेवू लागला. एका रात्री सासूबाई हलकेच म्हणाल्या, "अगं, ही फुलदाणी काढतेस का? ते काही आता दिसायचे नाहीत. पण हिच्यामुळे बाळही दिसत नाही गं मला."

सेंटरपीस बसलेल्या माणसांच्या नजरेच्या खालीच असावा, असे सजावट करणारेही सांगतात. सुनेने फुलदाणी उचलली आणि पितळी वाडग्यात पाणी घालून त्यात मोगऱ्याची फुले सोडली. दुसऱ्या दिवशी नातू सरळ आजोबांच्या खुर्चीवर जाऊन बसला. सून त्याला उठवणार तोच सासूबाई म्हणाल्या, "असू दे, बसू दे त्याला." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला भात वाढला.

सेंटरपीसला जवळचा मराठी शब्द आहे 'मध्यमणी'. हाराच्या मधोमध शोभणारा हा मणी इतर मण्यांना झाकत नाही. तोही त्यांच्याच दोऱ्यात ओवलेला असतो. म्हणूनच बहुधा मराठीत हा शब्द वस्तूंपेक्षा माणसांनाच अधिक शोभतो.