पिल्लू घरी आणण्याआधी

उतारवयात घरात एखादे छोटे कुत्रे असावे, ही इच्छा अगदी रास्त आहे. मुले कामानिमित्त दूर गेलेली असतात, दुपारी घर शांत होते. कुत्रे असले की वेळेवर उठणे होते, चार पावले चालणे होते आणि बोलण्यास कोणीतरी हक्काचे मिळते. आमच्या किहीमला निवृत्तीनंतर मुंबईहून येऊन स्थिरावलेली मंडळी आहेत. त्यांच्या ओट्यावरच्या गप्पांत हा विषय वरचेवर निघतो. मात्र पिल्लाचा शोध आता मोबाइलवर घेतला जातो, आणि फसवणारा नेमका तेथेच टपून असतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या एका काकूंनी अशीच एक जाहिरात पाहिली : ‘शो क्वालिटी टीकप पॉमेरेनियन. कुटुंब परदेशी जात असल्याने अल्प किमतीत.’ फोटो इतका गोजिरवाणा, की त्यांनी चार हजार रुपये आगाऊ पाठविले. दुसऱ्या दिवशी प्रवासाच्या पिंजऱ्याचे पैसे मागण्यात आले, मग ‘परत मिळणाऱ्या’ विम्याचे, मग वाटेत अडविलेली गाडी सोडविण्याचे. पिल्लू आलेच नाही. पैसे गेले त्याहून मला अधिक लागले ते हे, की मुलगा रागावेल या धास्तीने काकूंनी आठ दिवस ही गोष्ट कोणासही सांगितली नाही.

त्या जाहिरातीतील शब्दच आपण जरा तपासून पाहू. ‘शो’ म्हणजे श्वानप्रदर्शन. प्रत्येक जातीचे एक लेखी प्रमाण ठरलेले असते, आणि कुत्रे त्या प्रमाणाच्या किती जवळ जाते हे परीक्षक पाहतो. ‘फेडरेशन सायनोलॉजिक इंटरनॅशनल’ या जागतिक संघटनेच्या प्रमाणानुसार पॉमेरेनियनची खांद्यापर्यंतची उंची 18 ते 24 सेंटिमीटर असावी. पगचे आदर्श वजन 6.3 ते 8.1 किलो. ‘टीकप’ नावाचा प्रकार या प्रमाणांत कोठेही नाही. तो बाजाराने रूढ केलेला शब्द आहे. शिवाय दोन महिन्यांचे पिल्लू पाहून ते पुढे प्रदर्शनात चमकेल, अशी हमी कोणताही जाणकार देणार नाही. आपल्याकडे ज्या पांढऱ्या कुत्र्यास सर्रास पॉमेरेनियन म्हणतात, तो तर बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. तोही गुणी आणि आपल्या हवेस सरावलेला असतो. पण त्यासाठी पॉमेरेनियनची किंमत का मोजावी?

प्रदर्शनात आपल्याला भाग घ्यावयाचा नसला, तरी ही प्रमाणे उपयोगी पडतात. पगच्या नाकपुड्या मोकळ्या असाव्यात, आवळलेल्या नाकपुड्या हा गंभीर दोष मानावा, असे प्रमाणातच सांगितले आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्यास किनाऱ्यावरच्या दमट मे महिन्यात धाप लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या नियमाचे मोल कळेल.

आता कागदपत्रे. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंदलेल्या पिल्लाच्या प्रमाणपत्रावर मायक्रोचिपचा क्रमांक असतो. पशुवैद्याकडील यंत्राने तो पिल्लाच्या अंगावरील चिपशी पडताळून घ्यावा. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा क्रमांक विचारल्यावर जो चिडतो किंवा घाई करतो, त्याच्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.

सर्वांत मोठी खबरदारी मात्र एकच : प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. डॉ. सलीम अली यांनी 1930 च्या सुमारास याच किहीममध्ये सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते तपासते, आणि तिला पसंत पडले तरच पुढचा संसार मांडला जातो. पाखरू जे करते, ते आपण का करू नये? पिल्लू मुंबईत असेल, तर मांडव्याहून बोटीने जाऊन यावे. आपणास जमत नसल्यास तेथील नातेवाइकास पाठवावे. पिल्लाची आई पाहावी, जागेची स्वच्छता पाहावी, लसीकरणाची नोंदवही पाहावी. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

इतके करूनही फसगत झालीच, तर तत्काळ 1930 या सायबर गुन्ह्यांच्या मदतवाहिनीवर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. पैसे पुढे काढले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते गोठविता येण्याची शक्यता असते. येथे एकेका तासाला किंमत आहे. म्हणूनच घरातील तरुणांना माझे सांगणे आहे : ‘तुम्हाला कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न गिळून टाका. रागावण्याच्या भीतीने आई-वडील गप्प बसले, तर त्या मौनाचा फायदा चोरालाच मिळतो.

अखेरीस आपल्या प्रकृतीविषयी. अवखळ पिल्लू पायांत घोटाळते, त्यामुळे पडण्याचे भय असते. तोल जात असल्यास किंवा रक्त पातळ होण्याची औषधे चालू असल्यास आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. रेबीजची आणि कोकणात लेप्टोची लस कुत्र्यास वेळेवर टोचून घ्यावी. पिल्लाऐवजी शांत स्वभावाचे, वाढ पूर्ण झालेले कुत्रे दत्तक घेणे अनेकदा अधिक सुखाचे ठरते, मग ते गावठी का असेना. आणि आपण कधी रुग्णालयात असलो तर त्यास कोण सांभाळील, हे आजच ठरवून ठेवावे. जीव घरी आणायचा, तर त्याची सोय आधी झालेली बरी.