नमुना सही

बँकेतली माझी तेवीस वर्षे मुख्यतः लोकांच्या सह्या पाहण्यात गेली. माणसे मी विसरतो, सह्या विसरत नाही. लग्नकार्यात एखाद्या गृहस्थांनी "ओळखलंत का?" म्हणून हात पुढे केला की मी कसनुसा हसतो, पण त्यांनी पत्रिकेच्या पाठीवर सही करून दाखवली तर खातेक्रमांक सांगेन. चुकलो तो एकदाच. एका चेकवरची सही मी पास केली आणि ती खातेदारांच्या चिरंजीवांनी केलेली निघाली. वडिलांच्या सहीपेक्षा सुबक होती, तिथेच मला शंका यायला हवी होती.

तर अशा माणसाकडे त्याची भाची अनघा पंधरा दिवस राहायला आली. ती मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. मी पडलो बी.कॉम.; विज्ञानाशी माझा संबंध मीटर रीडिंगपुरता. पहिल्याच रात्री आमटी अळणी झाली होती. त्या विषयावर माझ्या तोंडून काही जाऊ नये म्हणून मी घाईने विचारले, "तुझा प्रोजेक्ट कशावर आहे गं?"

"पॅपिलोमा विषाणूचं ई-टू नावाचं प्रोटीन डीएनए कसं ओळखतं, त्यावर."

'ओळखतं' म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. म्हटले, हा तर आमच्याच काउंटरवरचा माणूस!

अनघाने ताटाभोवतीचे मटाराचे दाणे ओळीत मांडले. "मामा, डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पट्टी. ए, टी, सी आणि जी. दोन पट्ट्या समोरासमोर, एकमेकींभोवती पिळलेल्या. एच्या समोर टी, सीच्या समोर जी."

"डबल एन्ट्री," मी म्हणालो. प्रत्येक नावेला जमा. इथपर्यंत बी.कॉम. पुरले.

"विषाणूचा डीएनए जेमतेम आठ हजार अक्षरांचा. आपल्या एका पेशीत सहाशे कोटी अक्षरं. त्या ढिगाऱ्यात ई-टूला आपली जागा हुडकायची असते. खूण बारा अक्षरांची. आधी ए-सी-सी-जी, मग कुठलीही चार, मग सी-जी-जी-टी. गंमत म्हणजे समोरची पट्टी उलट दिशेने वाचली तरी पुन्हा तेच."

"चिमा काय कामाची!" आमची मुक्ता ओरडली. ती तेरा वर्षांची आहे आणि जेवताना फक्त सोयीचे तेवढे ऐकते.

"अगदी तेच! ई-टूचे रेणू म्हणून जोडीने येतात. एकानं अर्धी खूण पाहायची, दुसऱ्यानं उरलेली."

"जॉइंट अकाउंट. दोघांच्या सह्या लागतात," मी सौ.ला समजावले. आमच्या जॉइंट अकाउंटवर एकीचीच चालते, हे सांगायची गरज नव्हती.

"पण मधल्या चार अक्षरांचं काय?" मी वरच्या साहेबांच्या थाटात हरकत काढली. "तपासायचीच नसतील तर फॉर्मवर हवीत कशाला?"

अनघा खूश झाली. म्हणाली, हाच तर खरा प्रश्न. ई-टू मधल्या चारांना हात लावत नाही. मात्र डीएनएला कवेत घेताना ते त्याला वाकवते. ए-ए-टी-टीसारखी अक्षरे मध्ये असली की पट्टी सहज वाकते आणि माणसातल्या या विषाणूचे ई-टू तिथे अधिक घट्ट बसते. गुरांमधल्या अशाच विषाणूचे ई-टू डीएनएला कसे धरून बसते, याचे स्फटिकावरून काढलेले चित्र 1992 सालीच प्रसिद्ध झाले आहे.

मला आमच्या हेड कॅशिअरची आठवण झाली. तो नोट वाचत नाही. अंगठ्याने किंचित वाकवतो आणि बाजूला काढतो. कसे ओळखलेस विचारले तर म्हणतो, "हाताला कळतं." निसर्गाने ही युक्ती आमच्या कॅशिअरच्या कितीतरी आधी काढली होती, हे मी त्याला सांगणार नाही. आधीच तो चहाचे पैसे देत नाही.

पुढची हकीकत तर थेट आमच्या लेजरमधली. विषाणूला खरे काम करून हवे असते ते ई-वन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनकडून. दोन पट्ट्यांचा पीळ सोडवणे हे ते काम. हा ई-वन दांडगा, पण ओळख पटवण्यात कच्चा. कुठल्याही डीएनएला चिकटू पाहतो. ई-टू त्याचा हात धरून नेमक्या जागी आणून उभा करतो. पूर्वी खाते उघडायला एक ओळख देणारा खातेदार लागे, तसा. काम झाले की ओळख देणारा निघून जातो. मग ई-वनचे सहा-सहा रेणू कडी करून दोन कड्या बसवतात आणि दोन दिशांना पीळ उलगडत जातात. नक्कल करायची यंत्रणा मात्र आपल्या पेशीची. शाखा त्यांची, स्टाफ आपला, ओव्हरटाइम नाही.

"पण हा विषाणू करतो काय एवढं?" मी हसत विचारले.

अनघाने आधी मामीकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत निघून जातो. काहींच्यात वर्षानुवर्षं राहतो. कधी त्याचा गोल डीएनए तुटून आपल्या डीएनएत शिरतो, आणि पुष्कळदा तुटतो तो नेमका ई-टूच्याच जागी. ई-टू एरवी विषाणूच्या दोन व्रात्य प्रोटीनांना लगाम घालून असतं. तो लगाम गेला की ती दोघं पेशीच्या रखवालदारांना निकामी करतात. मग गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो."

सौ.ने उगाच मुक्ताला पाणी आणायला पाठवले. आई जप थांबवून म्हणाली, "तारावन्संना तेच होतं."

ताराआत्या 1998 साली गेली. "पोटाचं दुखणं" एवढेच आम्हाला सांगितले होते. रोगाचे नाव घरात कुणी उच्चारले नाही. डॉक्टरांकडे नेले तेही फार उशिरा. या रोगाचे मूळ या विषाणूत आहे हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउजेन यांना 2008 साली नोबेल मिळाले. आत्याला जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

मी उठून कपाट उघडले. पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरात आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. मुक्ताला या विषाणूची लस द्या, नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात, असे त्यांनी लिहून दिले होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही 2023 मध्ये आली होती. चिठ्ठीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. "बघू" म्हणून मी ती ठेवली होती. दुसऱ्यांचे चेक मी दुपारी बारानंतर पेंडिंग ठेवत नाही.

"लस त्या ई-टूला पकडते का?" मी विचारले.

"नाही मामा. ती विषाणूच्या बाहेरच्या आवरणाची ओळख करून देते. आत शिरायच्या आधीच पकडायचं."

म्हणजे वॉचमनला फोटो देऊन ठेवायचा. काउंटरपर्यंत येऊच द्यायचे नाही.

शनिवारी मुक्ताला घेऊन गेलो. सुई पाहून मीच मान फिरवली. ती "चिमा काय कामाची" पुटपुटत बसली होती. संमतिपत्रावर सही करताना माझा हात असा थरथरला की नमुन्याशी ती काही केल्या जुळेना. बँकेत असतो तर मीच परत केली असती.

डॉक्टरांनी बघितलीसुद्धा नाही. पास केली.