आक्काचे वीस शेअर

शाळेत इतिहास शिकविण्यात आमची चौतीस वर्षे गेली. एवढ्या काळात मुलांना आम्ही एक गोष्ट न कंटाळता सांगत आलो : जुन्या कागदात आकडा दिसला, की तो कोणत्या मापातला आहे हे आधी विचारा. होन म्हणजे रुपया नव्हे, शेर म्हणजे किलो नव्हे आणि १९५७ पूर्वीचा पैसा म्हणजे नंतरचा नवा पैसा नव्हे. रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्यांचे शंभर झाले, हे ज्याला ठाऊक नाही त्याने आजोबांची वही वाचून आजोबांविषयी मत बनवू नये. हा धडा आम्ही कितीदा दिला असेल त्याची गणती नाही. आणि घरच्याच कागदांपुढे बसण्याची वेळ आली तेव्हा तोच धडा आम्ही साफ विसरलो. त्यापायी एका दिवंगत माणसावर आमच्याकडून अन्याय झाला. तो माणूस आमचा सख्खा थोरला भाऊ होता, म्हणून हे लिहिणे आम्हांस प्राप्त आहे.

दादांची सारी नोकरी बंगळूरला झाली. आम्ही बेळगावी, शहापुरातल्या वडिलांच्या घरात राहिलो आणि आक्का लग्न होऊन खानापूरला गेली. यजमान गेल्यावर दोन म्हशींच्या जिवावर तिने संसार ओढला. २००४ सालच्या आरंभी दुधाच्या पैशांतून साठविलेले सहा हजार रुपये तिने दादांच्या हाती ठेवले आणि "कुठंतरी बरं ठेव" एवढेच सांगितले.

त्याच मार्च महिन्यात बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने आपले शेअर प्रथमच लोकांपुढे विक्रीस मांडले. या कंपनीचे दादांना मोठे कौतुक. १९७८ साली किरण मजुमदार यांनी बंगळुरात भाड्याच्या गॅरेजमध्ये, दहा हजारांच्या भांडवलावर तिचा आरंभ केला होता. पपईच्या चिकापासून विकरे काढायची आणि परदेशी पाठवायची, हा तिचा पहिला उद्योग. पुढे ती इन्शुलिनपर्यंत आणि कर्करोगावरील औषधांपर्यंत पोहोचली. "आपल्या परसातली पपई रे, आपण नुसती खातो!" असे दादा म्हणत. शेअरचा दर होता ३१५ रुपये. मागणी कितीतरी पटींनी अधिक आली, तरी दादांना वीस शेअर मिळाले. आक्काचे स्वतःचे डीमॅट खाते नव्हते, म्हणून ते दादांच्याच नावावर राहिले. दर भाऊबिजेला ओवाळणीखेरीज एक वेगळे पाकीट ते तिच्या ताटात ठेवीत आणि "तुझ्या कंपनीचा लाभांश" म्हणून हसत.

दादा २०२१ साली गेले. दोन वर्षांनी, २०२३ च्या पाडव्याच्या सुमारास, पुतण्याने त्यांची हिशेबाची वही आमच्याकडे पाठविली, कारण आक्काचा व्यवहार आमच्या देखत मिटावा अशी त्याची इच्छा होती. वहीत दादांच्या टपोऱ्या अक्षरात ओळ होती : "आक्का. २० शेअर. दर ३१५. एकूण ६,३००." त्या दिवसांत बायोकॉनचा भाव दोनशेच्या आसपास होता. वीस दुणे चाळीस, म्हणजे चार हजार रुपये. एकोणीस वर्षांनी मुद्दलही सुटू नये, याचे आम्हांस वाईट वाटले. पण नशिबाचा खेळ म्हणून आम्ही गप्प बसणार होतो.

इतक्यात नातवाने मोबाइलवर कंपनीच्या जुन्या भावांचा आलेख काढला. रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती. तिच्या अगदी डाव्या टोकाला, एप्रिल २००४ मध्ये, भाव होता चाळीस रुपयांच्या आसपास! आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. बाजारात जी वस्तू चाळिसाला मिळत होती, ती दादांनी आक्काच्या नावे ३१५ ला लिहिली? शिवाय आक्का सहा हजार दिले म्हणते, तर वहीत सहा हजार तीनशे! संशय ही अशी वस्तू आहे, की तिला एकदा पाट मांडला म्हणजे ती सगळ्या घराला पुरून उरते. आम्ही आक्काला जे कळवू नये ते कळविले. पुतण्याला दूरध्वनीवर म्हणालो, "तुझ्या बाबांनी आत्याचे पैसे कुठे वळविले, याचा खुलासा कर." तो क्षणभर थांबला आणि "कागद पाठवतो, काका," एवढेच बोलला. आक्का मात्र शांतपणे म्हणाली, "दादा तसं करायचा नाही. तुमचा आकडाच कुठंतरी चुकला असेल." आम्ही तिच्या भोळेपणाची कीव केली.

आठवड्याने टपालाने एक छायाप्रत आली. शेअर दिल्याचे ते २००४ चे पत्र होते. वीस शेअर, प्रत्येकी ३१५ रुपये, असे त्यावर छापील अक्षरांत होते. पत्र खोटे म्हणावे तर ते छापील. आलेख खोटा म्हणावा तर सारे जग तो पाहते. आता मात्र आमची मती गुंग झाली. शेवटी आम्ही दोन्ही घेऊन बँकेतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांकडे गेलो.

त्यांनी पत्र पाहिले, आलेख पाहिला आणि विचारले, "मास्तर, गुळाची एक ढेप तुम्ही ३१५ रुपयांना आणलीत. तिचे बारा सारखे तुकडे केले. आता एका तुकड्याचा भाव किती?"

आम्ही म्हणालो, "सव्वासव्वीस रुपये."

"मग ढेप स्वस्त झाली का?"

ढेप स्वस्त झाली नव्हती. ती बारा ठिकाणी वाटली गेली होती. कंपनीने २००८ साली एका शेअरला एक बोनस शेअर दिला. एकाचे दोन झाले. २०१७ च्या जूनमध्ये एकाला दोन दिले. दोनांचे सहा झाले. २०१९ मध्ये पुन्हा एकाला एक दिला. सहांचे बारा झाले. दर वेळी शेअरांची संख्या वाढली, तितक्याच प्रमाणात एकेका शेअरचा भाव उतरला, आणि धारकाच्या पदरात पहिल्या दिवशी होते तेवढेच राहिले. २०१७ च्या त्या दिवशी ज्याने नुसता भाव पाहिला, त्याला वाटावे की कंपनीचे रातोरात दोन तृतीयांश दिवाळे वाजले. प्रत्यक्षात कोणाचाही रुपया बुडाला नव्हता. असे खोटे कडे रेघेत दिसू नयेत, म्हणून आलेख करणारे मागचे सारे भाव आजच्या तुकड्याच्या मापात बदलून मांडतात. त्यास समायोजित भाव म्हणतात. काही ठिकाणी लाभांशही वजा करतात, त्यामुळे जुना आकडा आणखी लहान दिसतो. त्या दिवशी बाजारात खरोखर काय भाव झाला, हे पाहायचे तर शेअर बाजाराची त्या तारखेची मूळ नोंद काढावी लागते.

आलेखातल्या चाळिसास बाराने गुणले तेव्हा ४८० आले. म्हणजे बाजारात जो शेअर पहिल्याच दिवसांत पावणेपाचशेच्या घरात गेला, तो दादांनी बहिणीसाठी ३१५ ला मिळविला होता. आणि वहीतले वीस शेअर आता वीस नव्हतेच. ते दोनशे चाळीस झाले होते. दोनशेच्या भावाने त्यांचे ४८,००० रुपये होत होते. आमच्या अज्ञानाने एकाच वेळी दादांना लबाड ठरविले होते आणि आक्काचे दोनशे वीस शेअर बुडविले होते.

आलेखाची अशी अद्दल घडल्यावर आम्ही तो नीट वाचावयास शिकलो. २०२० च्या अखेरीस हाच भाव साडेचारशेच्या वर होता. तेथून दोनशेवर जी घसरण झाली, तिच्यामध्ये एकही बोनस नाही. ती घसरण खरी आहे. २०२२ साली कंपनीने आपल्या जुन्या भागीदाराचा जैवसमान औषधांचा व्यवसाय ३०० कोटी डॉलरांहून अधिक किमतीला घेतला आणि तिच्यावरचे कर्ज वाढले. भाव दबण्याच्या कारणांत हेही एक. उलट, १ डिसेंबर २०१७ रोजी तिच्या भागीदारीतल्या स्तनाच्या कर्करोगावरील औषधास अमेरिकेची मान्यता मिळताच भाव झपाट्याने चढला होता. या धंद्यात औषधाची वर्षानुवर्षे परीक्षा चालते आणि निकाल एका दिवसात लागतो, म्हणून रेघही अशी झटक्यांनी चालते. प्रत्येक वळणापाशी दोन प्रश्न विचारावेत : येथे माप बदलले, की मोल? माप बदलले असेल तर गुणाकार करावा. मोल बदलले असेल तर त्या दिवशी काय घडले ते शोधावे. मात्र उद्या काय घडेल हे रेघ सांगत नाही. शेवटचे टोक साडेचारशेवर धरले, तर दादा द्रष्टे ठरतात. दोनशेवर धरले, तर बेताचे शहाणे. ६,३०० रुपये आठ टक्क्यांच्या ठेवीत एकोणीस वर्षे राहिले असते, तर सुमारे २७,००० झाले असते. दादांनी त्याहून बरे केले, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

पुतण्याची क्षमा मागण्यास आम्ही दूरध्वनी उचलला. त्याने दोनशे चाळीस शेअर आत्याच्या नावे करण्याचे अर्ज आधीच भरून ठेवले होते. खानापूरला तिचे खाते तेवढे उघडायचे राहिले होते. "मला वाटलं, तुम्हांला ठाऊक असेल, काका," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

राहता राहिला तीनशे रुपयांचा घोळ. त्या रात्री वही पुन्हा उघडली. ज्या ओळीवर आम्ही दादांचा खटला चालविला होता, तिच्या खालीच, बारीक पेन्सिलीने, दुसरी ओळ होती. ती आम्ही पहिल्या वेळी वाचलीच नव्हती. "पैकी रु. ३०० माझे. आक्काला सांगू नये."

दादांची आज्ञा आम्ही मोडली. दुसऱ्या दिवशी खानापूरची गाडी धरली आणि वही आक्कापुढे ठेवून ती ओळ तिला वाचून दाखविली. तिने पदराने डोळे टिपले आणि आम्हांस चहा टाकला.