यीवूतली दावत आणि न तोडायच्या नूडल्स

चीनमध्ये वाढदिवसाला आता केकही कापतात. पण घरातल्या बुजुर्गांचा वाढदिवस असला की नूडल्सचा वाडगा हवाच. त्याला म्हणतात चांगशौ म्येन. चांगशौ म्हणजे दीर्घायुष्य, म्येन म्हणजे नूडल्स. यात महत्त्व सगळं लांबीला. हौशी बल्लवाचार्य तर अख्खा वाडगा एकाच धाग्याचा करतात. कणकेची बारीक वळी वळायची, तेल लावून ताटात चकलीसारखी गोल मांडायची, मुरू द्यायची आणि मग हाताने ओढत ओढत थेट उकळत्या पाण्यात सोडायची. खाताना ती दातांनी तोडायची नाही. टोक तोंडात धरून सुर्र करत ओढत राहायचं. तुटली तर आयुष्य तुटलं, असा समज. (शीरखुर्म्याच्या शेवया आपण आधी हाताने चुरतो, हे ऐकून तिथल्या बायका हबकल्याच!)

यीवू हे झेज्यांग प्रांतातलं घाऊक बाजाराचं शहर. खेळणी, बटणं, नकली दागिने, जे म्हणाल ते. अरब, आफ्रिकी, हिंदुस्थानी व्यापारी इतके की जुम्म्याला मशिदीत पाय ठेवायला जागा नसते. आम्ही उभयता खरेदीला गेलो असताना एका दुकानदार बाईंनी आईच्या सत्तरीची दावत दिली. वाडगे समोर आले आणि आम्ही अडचणीत पडलो. रस्सा डुकराच्या हाडांचा होता. खाणं शक्य नव्हतं. पण हा वाडगा परत करणं म्हणजे आजींच्या आयुष्यालाच नाही म्हणणं. उम्र अल्लाहच्या हाती आहे, नूडल्सच्या लांबीवर नाही, हे खरं. तरी कुणाच्या आईच्या खुशीत तोंड फिरवून बसणं आमच्याने होईना.

बाईंनीच ओळखलं. ‘छिंगचन?’ त्यांनी विचारलं. शब्दशः ‘शुद्ध आणि सत्य’. चीनमध्ये हलालला हाच शब्द. मुलाला त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं.

असं दुकान चीनच्या जवळपास प्रत्येक शहरात सापडतं. पाटीवर नाव लानचौ शहराचं, मालक मात्र बहुधा छिंगहाय प्रांतातल्या ह्वालोंगचे ह्वे मुसलमान. तिथे चाकू लागत नाही. कारागीर कणीक ताणतो, दुमडतो, पुन्हा ताणतो. दर घडीला धागे दुप्पट, आठ वेळांत २५६. रस्सा गोमांसाचा, स्वच्छ. वर मुळ्याच्या पांढऱ्या चकत्या, तिखटाचं लाल तेल, कोथिंबीर आणि लसणाची पात.

मुलगा आला, एका पिशवीत नूडल्स, दुसरीत रस्सा. एकच अखंड धागा काही नव्हता. पण आजींनी चॉपस्टिकने एक उचलून पाहिला, हात डोक्यापर्यंत गेला तरी टोक वाडग्यातच. त्यांनी मान डोलावली.

आम्ही सुर्र सुर्र करत खाल्लं. आपल्याकडे असा आवाज केला असता तर अम्मीने डोळे वटारले असते. इथे आजी टक लावून पाहत होत्या ते एवढ्याचसाठी, की आम्ही मध्येच दात लावत तर नाही ना.